तेहतीस फुटांची दोरी

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. मधल्या काळात "काय गुरुजी, लिहिणे बंद केले का?" असे विचारणाऱ्या सर्वांचे आभार. बंद नव्हते केले, पण एक विषय डोक्यात असा अडकून बसला होता की तो हातावेगळा केल्याशिवाय दुसरे काही सुचेना. आणि तो लिहावा की लिहू नये हेच ठरत नव्हते, कारण विषय घरातला आहे. आमची भावकी, पुण्या-मुंबईची आणि परदेशातलीसुद्धा, हे पान वाचते. त्या सर्वांना एकच विनंती. अर्धवट वाचून फोन करू नये. शेवटपर्यंत वाचावे आणि मग काय बोलायचे ते बोलावे.

आमच्या घरात गेली पन्नास वर्षे 'दोन गुंठे' हे शब्द निघाले की ताटावरचे हात थांबतात. बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. नीरा डाव्या कालव्याखाली आजोबांचा चार एकरांचा एक तुकडा होता. १९५८ साली वडील आणि चुलते वेगळे झाले. सरकारी मोजणी झाली, मधोमध बांध पडला, दोघांच्या वाट्याला दोन दोन एकर आले. पुढे १९७२ साली वडिलांनी आपला वाटा स्वतः मोजून पाहिला, तर तो अठ्ठ्याहत्तर गुंठेच भरला. दोन एकर म्हणजे ऐंशी गुंठे. मग दोन गुंठे गेले कुठे? चुलत्यांनी बांध रेटला, याबद्दल आमच्या घरात कोणाच्याच मनात शंका उरली नाही. दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. लग्नपत्रिका जायच्या, माणसे यायची नाहीत. वडील गेले, चुलते गेले, बांधावरची बाभळसुद्धा वाळून गेली, पण दोन गुंठे काही गेले नाहीत.

१९७२च्या त्या मोजणीत दोरीचे एक टोक वडिलांच्या हातात होते आणि दुसरे माझ्या. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो.

गेल्या वर्षी आमच्या पुतण्याने सरकारी मोजणी मागवली. तिच्यातून काय निघाले ते पुढे सांगतोच. पण त्या दिवसापासून मला एकच प्रश्न पडला होता, की ज्या गुंठ्यासाठी आपण इतके भांडलो तो गुंठा मुळात आहे तरी काय? तो कोणी ठरवला? कशावरून? जन्मभर मुलांना इतिहास शिकवला, पण गुंठ्याचा इतिहास कधी शिकवला नाही. शोधायला गेलो आणि इंदापुरातून निघून थेट लंडन, पॅरिस करत प्रकाशाच्या वेगापर्यंत जाऊन पोचलो!

आपल्याकडे पूर्वी जमीन काठीने मोजत. शिवछत्रपतींच्या काळची काठी पाच हात पाच मुठींची, म्हणजे ब्याऐंशी तसूंची. वीस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चाहूर. हिशेब नीटच होता. पण हात कोणाचा, हा प्रश्न राहतोच. उंच माणसाचा हात वेगळा, बुटक्याचा वेगळा. म्हणून तर तसूंमध्ये काठी बांधून द्यावी लागली. तरी गावोगावचे बिघे सारखे नव्हतेच.

मग इंग्रज आले. त्यांना सारा हवा होता आणि साऱ्यासाठी मोजलेली जमीन हवी होती. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे भागात पाहणी करून १८३०च्या सुमाराला सारा बसवला. प्रत्येक शेतातले निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा, असा पुस्तकी हिशेब होता. तो सारा जड झाला, त्यातच धान्याचे भाव पडले. वसुलीसाठी कुणब्यांचा छळ झाला, हे पुढे सरकारी अहवालांनीच कबूल केले आहे. इंदापूर तालुक्यात लोकांनी शेते टाकून दिली, कित्येक जण निजामाच्या मुलखात निघून गेले. आज उसाने हिरवागार दिसणारा हा पट्टा तेव्हा कोरडा ठणठणीत होता. नीरेचा कालवा यायला अजून पन्नास वर्षे होती.

तिथे १८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोघांनी नवी जमाबंदी सुरू केली. सबंध मुंबई इलाख्याची जी पाहणी-पद्धत पुढे शंभर वर्षे चालली, तिचा नारळ आपल्या इंदापुरात फुटला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? (मला स्वतःला निवृत्त होईपर्यंत ठाऊक नव्हते. शाळेत मी प्लासीची लढाई शिकवत होतो!) प्रत्येक शेताला नंबर, हद्दीवर दगड, मातीची खोली आणि पोत पाहून प्रतवारी, आणि एकदा ठरलेला सारा तीस वर्षे बदलायचा नाही. आपण आजही 'सर्व्हे नंबर' म्हणतो तो तिथला.

या पद्धतीत जी साखळी रूढ झाली ती तेहतीस फुटांची. तिचे सोळा भाग, त्यांना 'आणे' म्हणत. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. हा तेहतीसचा आकडा कुठून आला, तर गंटर नावाच्या इंग्रजाने १६२०च्या सुमाराला सहासष्ट फुटांची साखळी काढली होती, तिच्या निम्मा. म्हणजे आपण बांधावर उभे राहून ज्याला बापजाद्यांचा गुंठा म्हणतो, त्याचा बापजादा लंडनचा आहे.

आता पुढचा प्रश्न. साखळी तेहतीस फुटांची, पण फूट केवढा? यार्डाचा तिसरा भाग. आणि यार्ड केवढा? तर लंडनला पार्लमेंटच्या इमारतीत पितळेचा एक दांडा ठेवला होता, त्यावरच्या सोन्याच्या दोन टिकल्यांवरील ठिपक्यांमधले अंतर म्हणजे यार्ड. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी ती इमारत जळाली. कशाने जळाली, तर सरकारी खजिन्यातल्या जुन्या हिशेबाच्या खाचा पाडलेल्या काठ्या होत्या, त्या निकामी झाल्या म्हणून भट्टीत जाळायला घेतल्या होत्या. त्या आगीत यार्डाचा दांडाही गेला. हिशेबाच्या काठ्यांनी मापाची काठी जाळली!

म्हणजे पाहा, इंदापुरात विंगेटसाहेबाची माणसे साखळी ओढत होती तेव्हा ती साखळी ज्या यार्डाची नात, तो यार्ड जगात उरलाच नव्हता. इंदापूरच्या कुणब्याला याचा पत्ता नव्हता आणि त्याच्या सारापट्टीवर काही फरकही पडला नाही, कारण नकला शिल्लक होत्या.

इथे एक मोठी मौज आहे. इंग्रजांनी १८२४च्या कायद्यातच लिहून ठेवले होते की समजा यार्ड हरवला, तर काय करायचे? तर लंबकावरून तो पुन्हा बनवायचा. लंबकाच्या झोक्याला लागणारा वेळ त्याच्या लांबीवर ठरतो. जो लंबक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला बरोबर एका सेकंदात जातो, त्याची लांबी लंडनला ३९.१३९३ इंच, यार्ड ३६ इंच. दांडा जळला तरी निसर्ग जळत नाही, निसर्गाला विचारून पुन्हा माप घेऊ, असा त्यांचा विचार. मला हा विचार फार आवडला. राजाच्या हातावरून नाही, कारखान्यातल्या दांड्यावरून नाही, थेट निसर्गावरून.

पण दांडा खरोखर जळाला तेव्हा नेमलेल्या समितीने १८४१ साली सांगितले की लंबकाच्या भानगडीत पडू नका. हवेचा उठाव वगैरेंसाठी ज्या दुरुस्त्या धरल्या होत्या त्याच भरवशाच्या नव्हत्या. शेवटी जुन्या नकला जमवून, त्यांवरून नवा यार्ड केला आणि १८५५ साली तो कायदेशीर झाला.

लंबकाची आणखी एक अडचण आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. लंबकाचा झोका पृथ्वीच्या ओढीवर चालतो आणि पृथ्वीची ओढ सगळीकडे सारखी नाही. पृथ्वी विषुववृत्ताकडे फुगलेली, शिवाय फिरणारी. म्हणून लंडनला ओढ जास्त, आपल्याकडे कमी. कायद्यात म्हणूनच 'लंडनच्या अक्षांशावर, समुद्रसपाटीला, निर्वात जागेत' असे लिहावे लागले. आमचे एक जुने सहकारी विज्ञान शिकवायचे, त्यांना मी विचारले की हाच लंबक सोमेश्वरनगरला टांगला तर? त्यांनी चहा पिता पिता पाठकोऱ्या कागदावर मांडून दिले. लंडनला गुरुत्वाचा आकडा ९.८१२ च्या आसपास, आपल्याकडे ९.७८४ च्या आसपास. म्हणजे सेकंदाचा लंबक आपल्याकडे जवळजवळ तीन मिलिमीटरने आखूड. त्यावरून यार्ड बनवला तर तेहतीस फुटांची साखळी २८ मिलिमीटरने आखूड, गुंठा सुमारे सहा चौरस फुटांनी लहान, आणि एकराला पाव गुंठ्याच्या आसपास फरक!

पाव गुंठा. आमच्या भावकीत यापेक्षा कमी जागेवरून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत.

(ही ओढ हिंदुस्थानात कुठे किती आहे हे मोजण्यासाठी कॅप्टन बसेव्ही नावाचा अधिकारी १८६५पासून लंबक घेऊन देशभर फिरला. दक्षिणेपासून हिमालयापर्यंत. १८७१ साली लडाखच्या बाजूला उंच पठारावर, कडाक्याच्या थंडीत, तो मोजता मोजताच वारला. त्याच्यावर स्वतंत्र लिहायला हवे.)

तर निसर्गातले काहीही उचलून चालत नाही, जे सगळीकडे आणि सदासर्वकाळ सारखे असेल तेच उचलायला हवे, हा धडा लंबकाने दिला. फ्रेंचांनी तो वेगळ्या वाटेने घेतला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्यांनी ठरवले की उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. देलांब्र आणि मेशँ हे दोघे १७९२ ते १७९८ डंकर्क ते बार्सिलोना मोजत फिरले, अटका सोसल्या, आणि १७९९ साली प्लॅटिनमचा मीटर झाला. पुढे कळले की तो ०.२ मिलिमीटरने आखूड आहे. मग काय केले? मीटर तसाच ठेवला. पृथ्वी चुकली म्हणायचे आणि पुढे जायचे! म्हणून ध्रुवांवरून घेतलेला पृथ्वीचा घेर बरोबर ४०,००० किलोमीटर न येता ४०,००८ च्या घरात येतो.

हे मीटर-किलोग्रॅम आमच्या दाराशी आले ते १ ऑक्टोबर १९५८ला. कायदा १९५६चा. मी प्राथमिक शाळेत होतो. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकून घोकून तोंडाला फेस आला होता आणि एके दिवशी गुरुजी म्हणाले, आता हे लागणार नाही. आम्हाला आनंद झाला. गुरुजींना झाला नाही. घरी मात्र पायली, अधोली, शेर, मापटे, चिपटे पुढे कितीतरी वर्षे चालूच राहिले. धान्य आकारमानाने मोजायचे, तेही शीग लावून की सपाट, हा ज्याच्या त्याच्या दानतीचा प्रश्न. आजीकडे राणीछाप रुपये होते, ते वजन म्हणून वापरायचे. रुपया एक तोळ्याचा, १८० ग्रेन, ऐंशी तोळ्यांचा शेर. कायद्याने शेराचे ९३३.१० ग्रॅम आणि तोळ्याचे ११.६६ ग्रॅम ठरवले. आज सराफाकडे तोळा मागा, दहा ग्रॅम मिळतात. शब्द जागेवर राहिला, सोने दीड ग्रॅमहून जास्त उतरले.

सातबाऱ्यावरही तसेच. तिथे आता हेक्टर आणि आर. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, गुंठा म्हणजे १०१.१७. लोक दोन्ही एकच समजतात. दोन एकरांचे ८०.९४ आर होतात, म्हणून आमच्या सातबाऱ्यावर ८१. त्यावरून भावकीतल्या एकाने 'तुम्हाला एक गुंठा जास्त आला' म्हणून एकदा वाद घातला होता. त्याला समजावता समजावता संध्याकाळ झाली.

असो. आता किलोग्रॅमची गोष्ट, कारण तीच मला माझ्या दोरीकडे घेऊन गेली.

पॅरिसजवळ सेव्र येथे प्लॅटिनम-इरिडियमचा एक लहानसा दंडगोल तीन काचेच्या घंटांखाली कुलपात ठेवलेला आहे. १८८९ साली ठरले की याचे वजन (शास्त्रवाल्यांनी 'वस्तुमान' वाचावे) म्हणजे एक किलोग्रॅम. त्याच्या नकला देशोदेशी दिल्या. भारताकडे ५७ क्रमांकाची नकल आहे, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत. मधूनमधून नकला पॅरिसला नेऊन मूळाशी ताडून पाहायच्या. शंभर वर्षांत असे दिसले की मूळ आणि नकला यांच्यात पन्नास मायक्रोग्रॅमच्या आसपास फरक पडला आहे. मूळ झिजले की नकला जड झाल्या? सांगता येत नाही! कारण किलोग्रॅम म्हणजेच मूळ. ते उद्या अर्धे झिजले तरी व्याख्येने ते एक किलोच, आणि मग बाकीचे सगळे जग दुप्पट जड झाले म्हणायचे. ज्याच्या हातात मूळ माप आहे त्याला आपले माप बदलले हे कधीच कळणार नाही. त्याला जगच बदललेले दिसेल.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही.

मॅक्सवेल नावाच्या थोर शास्त्रज्ञाने १८७० सालीच सांगून ठेवले होते की कायमची मापे हवी असतील तर ती पृथ्वीच्या आकारात किंवा फिरण्यात शोधू नका, अणुरेणूंत शोधा. एक रेणू दुसऱ्या रेणूसारखाच असतो, झिजत नाही, बदलत नाही. जगाने ऐकायला नव्वद वर्षे घेतली. १९६० साली मीटर एका वायूच्या (क्रिप्टॉन) प्रकाशलहरींवरून ठरला. १९६७ साली सेकंद पृथ्वीच्या फिरण्यावरून काढून सिझियमच्या अणूवर ठेवला, त्याची ९,१९२,६३१,७७० कंपने म्हणजे एक सेकंद. आणि १९८३ साली मीटरची व्याख्या अशी केली की प्रकाश निर्वात जागेत एका सेकंदाच्या २९९,७९२,४५८व्या भागात जेवढे जातो, तेवढा मीटर.

आमच्या नातीने विचारले, "आजोबा, सरळ तीस कोटी का नाही धरले?" प्रश्न बरोबर आहे. तसे केले असते तर जगातली प्रत्येक पट्टी, प्रत्येक सातबारा बदलावा लागला असता. म्हणून जुन्या मीटरने प्रकाशाचा वेग जितका बारकाईने मोजता आला तितका मोजला आणि तोच आकडा कायमचा गोठवला. आधी काठीने प्रकाश मोजायचे, आता प्रकाशाने काठी मोजतात. आता कोणी प्रयोग करून वेग वेगळा आला म्हणाला, तर वेग चुकला असे होत नाही, त्याची पट्टी चुकली असे होते.

किलोग्रॅम सर्वांत शेवटी सुटला. १६ नोव्हेंबर २०१८ला व्हर्सायला मतदान झाले आणि २० मे २०१९पासून तो दंडगोल निवृत्त झाला. (त्याला पेन्शन नाही.) त्याच्या जागी प्लांकचा स्थिरांक आला, ६.६२६०७०१५ गुणिले दहाचा उणे चौतिसावा घात. मला समजले तसे सांगतो. प्रकाशाची ऊर्जा सुट्या सुट्या पुड्यांत येते. एका पुडीतली ऊर्जा आणि तिची कंपने यांचे गुणोत्तर नेहमी एकच, तो हा स्थिरांक. त्याच्या एककात किलोग्रॅम, मीटर आणि सेकंद तिन्ही येतात. मीटर आणि सेकंद आधीच ठरलेले, स्थिरांकाचा आकडा गोठवला, की उरतो किलोग्रॅम, तो आपोआप ठरतो. प्रत्यक्षात तो काढायला किबल नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने शोधलेला तराजू वापरतात. त्यात एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला विजेने निर्माण केलेली ओढ. आणि गंमत अशी की हा तराजू चालवायचा तर त्या खोलीतली पृथ्वीची ओढ फार बारकाईने मोजावी लागते. लंबकवाल्यांचे भूत अजून उतरलेले नाही!

आपल्या ऊसवाल्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. जुना दोन पारड्यांचा तराजू असेल तर ओढ दोन्हीकडे सारखी, फरक पडत नाही. पण आजचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा ओढच मोजतो. लंडनला जुळवलेला काटा उचलून तसाच इथे बसवला तर दहा टन उसामागे २८ किलो कमी दाखवील. म्हणून काटा जिथे बसवला तिथेच प्रमाणित वजने ठेवून तपासायचा असतो, आणि वैधमापनशास्त्र खात्याचा शिक्का पाहायचा असतो. शिक्का असूनही वजन कमी आले तर त्यात प्लांकचा काही दोष नाही, एवढेच म्हणतो.

आता बांधावर येतो.

मोजणीला आलेला मुलगा माझ्या विद्यार्थ्याचा मुलगा निघाला. त्याच्याकडे साखळी नव्हती. एक दांडा आणि त्याच्या टोकाला भाकरीएवढे यंत्र, त्याला रोव्हर म्हणतात. दगडाशी उभा राहिला, काही क्षण थांबला, पुढच्या दगडाशी गेला. मी विचारले, हे मोजते कसे? म्हणाला, गुरुजी, वर उपग्रह आहेत, त्यांच्यात अणुघड्याळे आहेत. तिथून निघालेली लहर इथे किती वेळात पोचली त्यावरून अंतर. शिवाय सर्व्हे ऑफ इंडियाची कायमची केंद्रे आहेत, ती चूक दुरुस्त करून पाठवतात. दोन-चार सेंटिमीटरचा फरक, जास्त नाही.

मी घरी येऊन हिशेब केला. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, जवळजवळ एक फूट जातो. तेहतीस फुटांची साखळी म्हणजे प्रकाशाचे साडेतेहतीस नॅनोसेकंद. विंगेटची साखळी आणि सिझियमचा अणू आमच्या बांधावर असे येऊन भेटले.

नकाशा आला. आमचा वाटा ८२.६ आर. नानांचा, म्हणजे चुलतभावाचा, ७९.४.

पुन्हा वाचू नका, तुम्ही बरोबर वाचले आहे. आमच्याकडे १.६ आर जास्त आहे, दीड गुंठ्याहून अधिक. आमचे काही गेलेले नव्हते. आम्हीच घेतले होते.

मी माळ्यावर चढलो. (सौ. ओरडल्या, या वयात माळ्यावर कशाला.) वडिलांची मोजणीची दोरी तिथे होती. घायपाताची, दोन टोकांना दोन गाठी. १९५८ साली मोजणीदाराने जमीन मोजली तेव्हा वडिलांनी त्याच्या साखळीशेजारी ही दोरी ताणून गाठी मारल्या होत्या, पुढे कामाला येईल म्हणून. हुशार माणूस. पण नुसती ठेवली नाही, चौदा वर्षे तिने कडब्याचे भारे बांधले, गाडीवर ऊस आवळला. अंगणात पोलादी टेप लावून मोजली. गाठीपासून गाठीपर्यंत तेहतीस फूट पाच इंच.

१९७२ला ती नेमकी किती होती हे आता कोण सांगणार? पण पाच इंच धरून चला. दोरी लांबली म्हणजे कमी वेळा बसते, शेत लहान भरते. लांबीला सव्वा टक्का, रुंदीला सव्वा टक्का. ऐंशी गुंठ्यांचे शेत त्या दोरीने किती भरेल? मी तीनदा करून पाहिले. अठ्ठ्याहत्तर.

ते दोन गुंठे चुलत्यांनी खाल्ले नव्हते, दोरीने खाल्ले होते. आणि वडिलांच्या हातात दोरीच मूळ माप होती, त्यामुळे त्यांना दोरी लांबलेली दिसली नाही, शेत आटलेले दिसले. दुसरे टोक धरून उभ्या असलेल्या त्यांच्या पदवीधर होणाऱ्या मुलालाही तेच दिसले.

आता जे घरात कोणी बोलत नाही ते लिहितो. १९७३च्या उन्हाळ्यात रान मोकळे होते. चुलते आजारी म्हणून पुण्याला होते. दोन रात्रींत आम्ही बांध सरकवला. साधारण एक मीटर, एकशेसाठ मीटर लांबीभर. 'आपलेच आपण परत घेतो आहोत', असे वडील म्हणाले आणि मलाही ते पटले. मी फावडे धरले होते. माझ्या बहिणींना हे ठाऊक नाही, त्या आज इथे पहिल्यांदा वाचत असतील. वडिलांना कृपया वाईट म्हणू नका. ते लबाड नव्हते, त्यांची दोरी लांबली होती. माझ्याबद्दल काय म्हणायचे ते म्हणा, कारण १९७२ साली शाळेत पोलादी टेप होती आणि मला ती मागून आणता आली असती.

नकाशा घेऊन मी नानांच्या वाड्यात गेलो. एक्कावन्न वर्षांनी तो उंबरठा ओलांडला. नाना माझ्याहून चार वर्षांनी मोठे. त्यांनी नकाशा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या म्हाताऱ्यानं पण त्या साली मोजलं होतं. त्याचं बरोबर भरलं होतं. सांगायला आला होता तुमच्याकडं. तुमच्या दारातनं परत गेला."

हे मला ठाऊक नव्हते.

ऊस तुटल्यावर या उन्हाळ्यात बांध जागेवर नेला. दगड त्या मुलाने दाखवलेल्या खुणांवर रोवले. दोन्ही घरचे जेवण नानांकडे झाले. मी दोरी बरोबर नेली होती, म्हटले होते जाळून टाकू. नानांनी ती हातात घेतली, ओढून पाहिली आणि म्हणाले, जाळतोस कशाला, चांगली मजबूत आहे, म्हशीला होईल.

सध्या ती नानांच्या गोठ्यात आहे.